उसवलेली पुस्तिका

दादाने छापून आणलेली पुस्तिका वाचली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उद्या चर्चमध्ये बाबांच्या स्मरणसभेत ती वाटायची होती. पानोपानी बाबांचे गोडवे, आणि मध्येच एक ओळ: देवाने त्यांना दोन मुलं दिली.

"दोन? आणि धाकटी कुठे गेली?"

"ते कशाला उगाळतेस आता?" दादा म्हणाला.

आमच्या धाकट्या बहिणीने स्वतःच्या मनाने लग्न केलं म्हणून बाबांनी तिला घराबाहेर काढलं होतं. उद्या ती येणार होती, मीच बोलावलं होतं. येऊन काय वाचणार, आपण जन्मलोच नाही असं?

आमचं पुस्तकबांधणीचं दुकान. बायबलचे सुटे फर्मे, म्हणजे छापून घडी घातलेल्या पानांचे जुडगे, ओळीने लावून शिवायचे, हाच धंदा. दादा नवशिका असताना त्याने बायबलमधल्या 'इतिहास' या पुस्तकाचे फर्मेच वगळले. दावीद राजा आधीच्या 'शमुवेल'मध्ये येऊन गेला होता, म्हणून या शहाण्याला वाटलं, चुकून दोनदा आलाय! गठ्ठाभर प्रती शिवून झाल्यावर बाबांना कळलं. सगळ्या उसवायला लावल्या.

"आठवतंय बाबा काय म्हणाले ते?" मी ओरडले. "अकलेच्या कांद्या, शमुवेलाच्या पुस्तकात राजा शिपायाची बायको घेतो आणि शिपायाला मारवतो. इतिहासात त्याबद्दल चकार शब्द नाही, तिथे मंदिराची तयारी आहे. ज्यांनी बायबल जमवलं त्यांनी दोन्ही पुस्तकं ठेवली. आपण शिवणारे, गाळणारे कोण?"

"ते बायबल आहे. हे आपलं घर आहे."

"मग घरातलं मी लिहिते!"

टेबलाशी बसून मी सगळं लिहिलं. बाबांनी तिची पेटी रस्त्यावर फेकली, घराला कडी घातली, पुन्हा तोंड पाहिलं नाही. दादा पाय आपटत निघून गेला. हे नवं पान आत घालायला मी पुस्तिका उसवायला घेतल्या.

कोपऱ्यात बसलेली आई उठून टेबलाशी आली. तिने माझा कागद वाचला.

"धाकटी एकदा परत आली होती," आई म्हणाली. "हे बाहेर होते. दार वाजवत राहिली, हाका मारत राहिली. मी आतच होते. लोक काय म्हणतील म्हणून उघडलं नाही. यांना शेवटपर्यंत कळलं नाही."

मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. इतकी वर्षं मी एकट्या बाबांना शिव्या घातल्या, आणि ही ऐकत बसली!

"हेही घाल त्यात," ती म्हणाली.

मी कोरा कागद आणि पेन तिच्यापुढे आपटलं.

"तूच लिही. आणि उद्या तिच्यासमोर वाचायचंही तूच."