फोरमनचं ब्लडप्रेशर

कंपनीची औषध योजना अत्यंत न्यायी होती. आजारी निवृत्ताला औषध फुकट, धडधाकटाला नाही; यात कुणाचं दुमत असायचं कारण नव्हतं. फक्त, गोळ्या खाऊन ज्याचं ब्लडप्रेशर ताब्यात राही, त्यालाही योजना धडधाकट समजे. म्हणून वार्षिक तपासणीच्या सकाळी, दवाखान्याच्या बाकावर, निवृत्त फोरमनच्या बायकोने नवऱ्याला कोपराने ढोसलं आणि भांडायला सुरुवात केली.

“तुमच्या बहिणीने आपल्या लग्नात माझा कसा पाणउतारा केला होता, आठवतंय?”

“हो. चुकलंच तिचं.”

“आणि तुम्ही शुंभासारखे उभे होतात!”

“तेही खरंच.”

तिने कपाळावर हात मारला. शेजारच्या फिटरची गोळी गेल्या वर्षी तपासणीत ब्लडप्रेशर ताब्यात दिसलं म्हणून बंद झाली होती. पुढे त्याचं अर्धं अंग लुळं पडलं, तेव्हा योजनेने त्याला सन्मानाने परत घेतलं.

“अहो, जरा तरी चिडा ना. तुमच्यासाठीच घसा फोडतेय मी.”

“म्हणून तर चिडता येत नाही,” तो म्हणाला आणि तिच्या स्वेटरचं सुटलेलं बटण लावू लागला.

मग तिने राखून ठेवलेलं सगळं बाहेर काढलं: तिला न विचारता विकलेली शिलाई मशीन, सासूबाईंचे टोमणे, त्याचं घोरणं. त्याने एकेक गुन्हा मान हलवून कबूल केला. तिचाच चेहरा लालबुंद झाला. आवाज ऐकून सिस्टर बाहेर आली.

“काकू, आधी तुम्हीच आत चला बघू.”

तिच्या दंडाला पट्टा बांधून सिस्टरने आकडा पाहिला, थोडं थांबून पुन्हा पाहिला.

“कधीपासून आहे हे तुम्हाला?”

“मला? मला कुठे काय आहे?”

मागोमाग आलेला फोरमन दारातच भिंतीला टेकला. सिस्टरने त्याला धरून खुर्चीत बसवलं आणि लगोलग त्याचाही दंड आवळला. त्याने यंत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. मोकळ्या हाताने बायकोचं मनगट घट्ट धरून बसला.

“काका, तुमचं तर चांगलंच चढलंय. वर्षभराच्या गोळ्या नक्की.”

“माझं राहू द्या! तिचं सांगा!”

एवढ्या संसारात तो पहिल्यांदाच ओरडला होता. बायकोने खाली मान घालून हसू लपवलं.

औषधांच्या खिडकीवर त्याला त्याच्या गोळ्या फुकट मिळाल्या. डॉक्टरांनी तिलाही तीच गोळी लिहून दिली. ती मात्र समोरच्या दुकानातून विकत घ्यायची होती. योजनेत बायका नव्हत्या.