डाव्या दारातलं रडणं

“अप्पा, हे स्पीकर काढा आन् महे जुने परत बसवा,” बद्रीनाथ दुकानाच्या पायरीवर उभ्याउभ्याच म्हणाला.

सिद्धारामअप्पांनी हातातला पाना खाली ठेवला. मांजरसुंब्याच्या चौकात त्यांच्या दुकानाला सव्वीस वर्षं झाली होती. आधी रेडिओ दुरुस्ती, मग गाड्यांचे टेप. आवाज कमी पडतो म्हणून आलेली गिऱ्हाइकं त्यांनी पोत्यानं पाहिली होती. आवाज नको म्हणून आलेलं हे पहिलंच.

“फाटले का?”

“फाटले न्हाईत. लई साफ वाजतेत. तीच तर भानगड हाय.”

अप्पांनी बाहेर पाहिलं. पांढरी गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. उतार लागला की पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणारा हा माणूस, आणि आज गाडी चालू ठेवून खाली उतरतो, म्हणजे दुखणं मोठं होतं. मागच्या सीटवर त्याची आई, छबुबाई, पदराचं टोक दातात धरून बसली होती. भर दुपारी चारही काचा वर.

“इंजिन तर बंद कर.”

“बंद केलं की आई वरडती.”

बद्रीनाथचं सिरसाळ्यात बी-बियाणं आणि खताचं दुकान होतं. हौसेला मोल नसतं म्हणतात. बद्रीनाथची हौस मात्र चार दुकानांत भाव विचारून मगच घरी यायची. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको, विजयमाला, वारली. आता दुसरं लग्न ठरलं होतं, आणि नवी बायको गाडीत बसायच्या आत गाडी जरा वाजती करावी असं त्याच्या मनात आलं. कंपनीनं दारात बसवून दिलेले स्पीकर गोधडीतून बोलल्यासारखे बोलत. त्यात बाजार खुला झाल्यापासून औरंगाबादेत परदेशी माल हातगाडीवर मिळू लागला होता, आणि परळीच्या एका शहाण्यानं त्याला अॅम्प्लिफायर घ्यायला सांगितलं होतं.

“अॅम्प्लिफायर म्हंजी बैल,” अप्पांनी तेव्हा त्याला समजावलं होतं. “इकत घेताना जनावर दिसतं, वैरण मागून दिसती. त्यापरीस आपण दारच नीट करू.”

बद्रीनाथला वैरणीचं पटलं. मग अप्पांनी खरोखरच दार नीट केलं. पत्र्याला आतून डांबरी कागद चिकटवला, हात जाईल एवढाली भोकं बुजवली, प्लायवूडची गोल कडी कापून त्यांच्यावर नवे स्पीकर आवळले. थोडक्या करंटवर मोठं बोलणारे, आणि बारीक सूर वेगळा काढायला मधोमध बटणाएवढा दुसरा स्पीकर असलेले. टेपची काळी वायर, म्हणजे अर्थिंगची, त्यांनी नेहमीप्रमाणे रंगवलेल्या पत्र्यावरच स्क्रूनं दाबली. ती उघड्या पत्र्याला भिडलेली बरी, हे त्यांना ठाऊक होतं. पण रंग खरवडला की पुढं गंज धरतो आणि गिऱ्हाईक आई-बाप काढतं. म्हणून अप्पांची रीत अशी, की आधी ऐकायचं; आवाजात खोट दिसली तरच खरवडायचं. काचा लावून, डोळे मिटून, इंजिन चालू ठेवून ऐकायचं. त्या दिवशी त्यांनी तसंच ऐकलं आणि त्यांच्या कानानं सांगितलं, साफ आहे. सव्वीस वर्षांत त्या कानाची साक्ष कुणी खोटी ठरवली नव्हती.

“मग खोट काय निघाली?” अप्पांनी विचारलं.

बद्रीनाथनं एकदा गाडीकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. “डाव्या दारातून रडती ती.”

“कोण?”

“विजयमाला.”

अप्पा हसले नाहीत. चौकात दुकान असलेल्या माणसाला कुणाच्या कोणत्या गोष्टीला हसू नये हे कळतं.

“कॅसेट नसली तरी रडती,” बद्रीनाथ सांगू लागला. “टेप नुसता चालू पायजे. बारीक, लांबून आल्यावानी. गाडी पळवली की चढतं. हळू घेतली की हुंदके. गाडी थांबवली, चावी फिरवली, की गप. अप्पा, ती तशीच गेलती. मी दवाखान्याच्या दारात गाडी थांबवली, मागं बघितलं, तर गप.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “आठ दिस झाले, आई जेवली न्हाई. दोन घोट दूध घेती, आन् गाडीत येऊन बसती. म्हणती, चालू ठेव, ती काय सांगती ते ऐकू दे.”

अप्पा गाडीत शिरले. पुढच्या डाव्या सीटवर बसून दाराला कान लावला. स्पीकरच्या जाळीवर कानाची पाळी टेकली. इंजिनाची घरघर होती, पंख्याची फडफड होती, रस्त्यावरून ट्रक गेला त्याची धडधड होती. बाकी काही नव्हतं.

“ऐकलं?” मागून छबुबाई म्हणाली.

“न्हाई, माय. मला तर काहीच येत न्हाई.”

“आता तर रडतीय की.”

अप्पांनी कान आणखी दाबला. दारात काही नव्हतं. नुसतं काही नव्हतं असंही नाही. तिथं विहिरीत डोकावल्यासारखी एक रिकामी, गार जागा होती, आणि मागची म्हातारी त्या जागेकडं बोट दाखवून सांगत होती की तिथं बाई आहे.

इतक्यात समोरच्या टपरीवरून बंकट चहा घेऊन आला. बंकट भुताखेतांना न मानणारा. उधारी बुडवून मेलेलं एकही गिऱ्हाईक परत आलेलं नाही, हा त्याचा पुरावा. त्यानं गंमत म्हणून काच खाली करायला लावली आणि डोकं आत घातलं. डोकं आत राहिलं आणि बाहेर कपातला चहा त्याच्याच पायावर सांडला.

“बाई हाय बे आत,” तो हळूच म्हणाला.

“तुला येतं ऐकू?”

“म्हंजी? तुमाला न्हाई येत?”

तीन माणसं ऐकत होती. अप्पांना एकट्यालाच ती बाई वगळत होती.

मग बंकटच्या डोक्यात उजेड पडला. “अप्पाच्या गळ्यात लिंग हाय ना. ती कशी जाईल त्यांच्या वाऱ्याला? आपल्यासारख्याच्याच कानात शिरणार.”

“तसंच असंल,” बद्रीनाथ म्हणाला आणि आदरानं अर्धं पाऊल मागं सरला. अप्पांनाही ते बोलणं बरं वाटलं. सदऱ्याच्या आतल्या इष्टलिंगावर त्यांचा हात नकळत गेला.

“एक चक्कर मारू,” ते म्हणाले. “चालत्या गाडीत बघतो.”

बीडच्या रस्त्यानं गाडी निघाली. पुढं बद्रीनाथ आणि अप्पा, मागं छबुबाई. टेपचा हिरवा दिवा लागलेला, कॅसेट नाही. रस्त्याकडेची लिंबाची झाडं मागं पडत होती. अप्पांना राहून राहून वाटत होतं, की आपण एका भरल्या घरात आलोय आणि आपल्यालाच माणसं दिसत नाहीत.

“म्या म्हणलं हळू घे,” छबुबाई एकदम बोलली. कुणाला ते कळेना. “सिरसाळ्याहून अंबाजोगाईला न्हेत हुतो. ती म्हणं, जोरात घ्या, लवकर घ्या. म्या म्हणलं, खड्डे हायेत, गाडी नवी हाय, हळू घे. ह्यो मह्या शब्दाबाहेर न्हाई. हळू घेतली.” डाव्या दाराकडं बोट करून ती म्हणाली, “बघा, चढलं. आता म्हणतीय, घ्या की. आता उतरलं. पुन्ना चढलं.”

अप्पांची नजर बद्रीनाथच्या पायाकडं गेली. पाय दाबला जात होता. म्हातारी म्हणाली, चढलं. पुढं बैलगाडी आली, पाय उचलला. म्हातारी म्हणाली, उतरलं. पाय दाबला, चढलं. तिला पुढचा पाय दिसत नव्हता.



हे रडणं त्यांना ओळखीचं होतं. असली रडणी त्यांनी शेकड्यानं बंद केली होती. काळ्या वायरीला पत्रा नीट भिडला नाही, की बॅटरी भरणाऱ्या डायनामोची शिट्टी टेपमध्ये शिरते आणि इंजिनाबरोबर चढते-उतरते. जुन्या स्पीकरांच्या अंगातच तेवढा बारीक सूर काढायची ताकद नव्हती. नव्यांनी तो उघडा केला. उजव्या दारातूनही तो येतच असणार, पण तिकडं कुणी कान देत नव्हतं. शिकाऊ माणसालासुद्धा दारात पाय ठेवता ठेवता कळावी अशी ती खोट होती. आणि अप्पा दाराला कान लावून बसले होते.

मग एकेक आठवू लागलं. कावेरी, त्यांची बायको, कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगून अंगणात गेली आणि डाळ करपली, तेव्हा ते तिच्यावरच ओरडले होते. या साली रातकिडेच नाहीत, औषधं मारून मारून गेले, असं ते येईल त्याला सांगत. लोकही माना हलवत. अप्पांच्या कानावर कोण शंका घेणार?

गाडी वळवून पुन्हा चौकात आली. बंकट दोन-चार रिकामटेकड्यांना जमवून उभाच होता.

अप्पा लगेच उतरले नाहीत. हिशेब सोपा होता. जुने स्पीकर बसवले, की रडणं आपोआप दबलं असतं. लिंगाची गोष्ट चौकातून बीडपर्यंत गेली असती. ज्याच्या वाऱ्याला भूत उभं राहत नाही असा टेपवाला, म्हणजे धंद्याला सोन्याचा मुलामा. फक्त ही म्हातारी जन्मभर डाव्या दाराकडं पाहून माफी मागत राहिली असती. आणि एका मेलेल्या बाईला, जी बिचारी एकदाच जोरात घ्या म्हणाली, लोकांच्या तोंडी रोज गाडीबरोबर पळावं लागलं असतं.

“माय,” ते मागं वळून म्हणाले, “ती तुमची सून न्हाई. ती मही चूक हाय.”

“कावून समजूत काढता, बाबा?”

“समजूत न्हाई. वायर म्या रंगावरच दाबली. तिची शिट्टी मला ऐकू आली न्हाई.” उघड्या काचेबाहेर बंकट कान टवकारून होता. अप्पांनी आवाज चढवला नाही, पण उतरवलाही नाही. “लिंगाचं काही न्हाई बंकट. मह्या कानाला बारीक आवाज येत न्हाई.”

हातची गोष्ट गेली तसं बंकटला जांभई आल्यासारखं काहीतरी झालं. त्यानं रिकामटेकड्यांना उगाच हाकललं.

अप्पा डॅशबोर्डखाली आडवे झाले. गुडघे बाहेर, डोकं आत. स्क्रू काढला, पात्यानं रंग खरवडला. पांढऱ्या रंगाखालून तांबूस लेप निघाला, त्याखालून पत्रा चकाकला. वायरीचं टोक घासून त्यांनी तिथं बसवलं आणि हाताला रग लागेपर्यंत आवळलं. मग बाहेर येऊन सीटवर बसले. एरवी यानंतर ते डोळे मिटत. आज डोळे उघडे ठेवून मागं वळले.

“बद्रीनाथ, रेस दे. आन् माय, तुमी सांगा. हाय का गेलं?”

बद्रीनाथनं रेस दिली. इंजिन गुरगुरलं, बसलं, पुन्हा गुरगुरलं. छबुबाई पुढं वाकली, दोन सीटांच्या मधून डाव्या दाराकडं कान केला. अप्पा तिच्या तोंडाकडं पाहत राहिले. सव्वीस वर्षांत आपल्या कामाचा निकाल त्यांनी दुसऱ्याच्या चेहऱ्यावर वाचला नव्हता.

“आणखी दे,” ती म्हणाली. बद्रीनाथनं आणखी दिली.

तिनं कानावरचा पदर मागं सारला.

“गेली,” ती म्हणाली.

बद्रीनाथनं रेसवरचा पाय काढला. “मग स्पीकर हेच राहू द्या, अप्पा. खामखा काढायची मजुरी कशाला.” आणि त्यानं चावी फिरवली.

म्हातारी ओरडली नाही. इंजिन थांबलं, पंखा थांबला. बद्रीनाथ उतरून बंकटकडं चहा सांगायला गेला. छबुबाई मात्र तशीच पुढं वाकलेली राहिली. तिचा पदर दातांतून सुटला होता.

“आठ दिस बोलत हुते तिच्यासंगं,” ती हळूच म्हणाली. “जिती असताना येवढं बोलले न्हाई.”

उतरायचं म्हणून अप्पांनी दाराच्या कडीला हात घातला.

“बसा जरा,” ती म्हणाली. “आता काय येतंय का, बघू.”

त्यांनी कडी सोडली आणि उघडी काच वर केली. पुढं एक, मागं एक, दोघंही काचा लावलेल्या बंद गाडीत बसून राहिले. दारातून काही येत नव्हतं, आणि ते दोघांनाही सारखंच ऐकू येत होतं.