खाडीबाहेरचं भाषांतर

निळ्या रबरी चपलांचा जोड – पिशवीत अगदी वरच, टॉवेल आणि टूथपेस्टच्या मधोमध. इस्पितळात न्यायच्या पिशव्या चर्चच्या बायकांनी भरल्या होत्या, प्रत्येकीत तेच सामान, आणि म्हणून बाबाजींच्या पिशवीतही दोन चपला... सुजाताने जोड काढून टेबलाखाली सरकवला. एकच ठेवावी, असं क्षणभर मनात आलं आणि तिला स्वतःचीच किळस आली.

शारजात मुख्य उपासना सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी व्हायची; ती नुकती संपली होती. बिशपसाहेब दौऱ्यावर आलेले. त्यांच्यासमोर धर्मप्रांताच्या सेवाकार्याचा अहवाल वाचला गेला – कामगारांच्या छावण्या, घरांतून पळून आलेल्या मोलकरणी, अडकून पडलेली जहाजं – आणि शेवटी, खलाशांशी त्यांच्याच भाषेत बोलणाऱ्या ‘आपल्या मिसेस साळवे’. टाळ्या वाजल्या. सगळ्यांत जोरात तिच्या नवऱ्याने, शमुवेलने वाजवल्या.

त्यानेच तर जूनमध्ये, चर्चच्या फादरबरोबर ती एका जहाजावर जायला निघाली त्या सकाळी, गाडीत सांगितलं होतं, “हे बघ, त्या जहाजाचं एजंटचं काम आमच्याच ऑफिसकडे आहे. तिथे कुणी आजारी आहे, हे फादरच्या कानावर गेलं की ते सरकारला लेटर लिहिणार, ऑफिस अडकणार, मग तुझं नाव, मग माझं, मग व्हिसा कॅन्सल. खलास. तू आपली पाणी वाटून ये.”

ती पाणीच वाटत होती. नगरच्या मिशन शाळेत शिकलेली, आपण खोटं बोलत नाही असं चाळीस वर्षं समजून चाललेली सुजाता शारजाच्या खाडीबाहेर नांगरलेल्या त्या गंजक्या जहाजावर चढली तेव्हा मालकाने ते सोडून दिल्याला पाच महिने झाले होते, आणि देवगडचे म्हातारे बाबाजी उलट्या बादलीवर पाय टेकून बसले होते. मराठी ऐकताच केवढे हसले... मग फडकं सोडून त्यांनी पाय दाखवला.

“बाय, वास येता. पाद्रीक सांग, माका डॉक्टर होयो. आजच होयो.”

मराठी न कळणारे फादर पलीकडे फोनची कार्डं वाटत होते. ते येईपर्यंत फडकं पुन्हा गुंडाळलं गेलं होतं. काय म्हणतायत, असं त्यांनी विचारलं, आणि तिच्या तोंडून – किती सहज, किती गोड! – निघालं, “ही इज टायर्ड, फादर. ही सेज थँक यू.”

सतरा दिवसांनी, दुसऱ्याच कुणीतरी कळवल्यावर, बाबाजींना उतरवलं. पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

आता वॉर्डच्या गारठ्यात ती फादरच्या मागे उभी होती. वाटेत, गाडीत, तिने वाक्य जुळवलं होतं: मी तुमचं सांगितलं नाही, बाबाजी. एवढंच. पुढे ते ओरडतील, शिव्या देतील, तोंड फिरवतील... सगळ्याची तिने तयारी केली होती. त्यांनी मात्र सलाइन लावलेल्या हाताने तिचा हात धरला.

“बाय, तू सांगलंस म्हणान ते इले. नायतर मी थंयच मेलो असतंय.”

“काय म्हणतायत ते, सुजाता?” फादरनी इंग्रजीत विचारलं. बाबाजी तिच्याकडे आशेने बघत राहिले – ती आपलं सगळं नीट सांगेल, जसं तेव्हा सांगितलं, तसं.

“ही सेज थँक यू, फादर,” ती म्हणाली. तिला बाबाजींचा राग आला. त्या बोळक्या हसण्याचा, त्या विश्वासाचा, चादरीखाली अर्ध्यावरच सपाट झालेल्या त्या जागेचा... कुणी सांगितलं होतं माझ्यावर भरवसा ठेवायला? राग वाढत गेला, स्वच्छ, गरम, आणि त्याच्याबरोबर कितीतरी दिवसांत पहिल्यांदा छाती मोकळी झाल्यासारखी वाटली – इतकी मोकळी, की आपण असंही जगू शकू, पुष्कळ वर्षं, बरं चाललेलं असेल आपलं, हे तिला तिथेच, त्यांचा हात हातात असतानाच, कळून चुकलं.