बांधावरची रानतुळस

बांधावर आल्यावर आधी मधमाश्या दिसल्या. रानतुळशीखाली मातीत पडलेल्या, काहींच्या सोंडा बाहेर आलेल्या. एक अजून पाय थरथरवत होती. मी ती तळहातावर घेतली.

ही झुडपे मी नाल्याकाठून आणून लावली होती, मधमाश्यांसाठीच. एकदा रुजली की वर्षानुवर्षे फुलतात. बांधापलीकडे मतीनचाचांची कपाशी. झुडपे लावताना ते हसले होते, "मधमाश्याइले जेवाले बलावलं का व, सुचिता?" यंदा बीटी कपाशीलाही बोंडअळी लागली होती. त्यांची कपाशी फवाऱ्याने ओली होती, आणि वारा आमच्या बाजूला वाहत होता.

मग खुडलेले शेंडे दिसले. असे खुडले की फुटवे येतात, फुले वाढतात, हे मीच शालूकाकूला दाखवले होते. पण काकू शेंडे फेकत नसे. ते चहात जात.

मी पळत सुटले.

आमच्या शेतातल्या खोपडीच्या सावलीत फवारणीचा पंप टेकवून मतीनचाचा बसले होते. शेजारच्या वावरात कोणी राबत असले की काकूचा चहा त्याच्यासाठीही असे. त्यांनी कप तोंडाशी नेला होता. मी तो हिसकून ओतला.

"येड लागलं का व?" काकू म्हणाली.

"चाचा, काय फवारलं?"

"दोन औषधं मिसळून मारली. एकानं अळी मरून नाही राह्यली. पन म्या त माह्याच वावरात मारलं."

मी तळहात पुढे केला. त्यांनी माशी पाहिली, मग काकूकडे पाहिले.

"शालूबाई, तुमी पेल्या का चहा?"

"हाव. अर्धा कप."

अशा विषाने डोळ्याची बाहुली आकसून राहते, म्हणून मी मोबाईलचा उजेड काकूच्या डोळ्यात धरला. बाहुली आकसली, उजेड काढताच पसरली. तरी खात्री वाटेना. ताडून पाहायला म्हणून चाचांच्या डोळ्यात उजेड धरला.

त्यांची बाहुली हललीच नाही. टाचणीच्या टोकाएवढी होती.

"घाम कधीपासून येतोय, चाचा?"

"ऊन हाय न व," ते म्हणाले आणि तोंडातून गळणारी लाळ ओल्या बाहीने पुसली. सकाळपासून त्यांनी तोंडाला साधा रुमालही बांधला नव्हता.

"शर्ट काढा. गाडीची चावी द्या."

काकूने माठातले सगळे पाणी त्यांच्या अंगावर ओतले. चावी देताना त्यांची बोटे थरथरत होती, त्या माशीच्या पायांसारखी.

त्यांना मध्ये बसवून मी गाडी डोणगावच्या दवाखान्याच्या रस्त्याला घातली. मागून काकूने त्यांना दोन्ही हातांनी आवळून धरले होते.

"बोलत राहा, चाचा," मी ओरडत होते. त्यांची लाळ माझ्या खांद्यावर ओघळत होती.