न मिटणारं दार

दिवा मंद झाला की ताईला दिसेनासं व्हायचं. तपासणीत तिच्या एका जनुकात बारीकसा बदल सापडला, पण दोषी तोच का, हे डॉक्टर काही ठामपणे सांगेनात. नव्या उपचारासाठी नाव नोंदवायचं असेल तर आधी दोष सिद्ध करून आणा, म्हणाले. धाकटी बहीण प्रथिनं बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. तिनं चंगच बांधला.

ताईच्या जनुकाची नक्कल तिनं प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये घातली आणि त्यांच्याकडून प्रथिन बनवून घेतलं. डोळ्यातल्या, मंद उजेडात पाहणाऱ्या पेशीच्या आवरणात बसणारं हे इवलंसं दार. अंधारात उघडं असतं, उजेड पडला की मिटतं, आणि ते मिटलं की मेंदूला उजेड कळतो. सगळा उफराटा कारभार! धाकटीला त्याचं भारी कौतुक.

दार उघडणारं द्रावण सोडलं की दारातून वाहणारी वीज वाढायची आणि ती मोजणाऱ्या यंत्राच्या स्पीकरचा सूर चढायचा. सूर चढला की नोंद करायची, पेशीला लावलेली सुई बदलायची. तीन आठवडे हेच. निरोगी माणसाचं दार उघडायचं, ताईचंही उघडायचं, तसूभर फरक नाही. धाकटी रडकुंडीला आली. शेवटी तिनं ताईलाच आणून बसवलं.

"ऐक तरी, तुझं दार कसं वाजतं ते."

सूर चढला. धाकटीचा हात सवयीनं सुई काढायला गेला.

"थांब की! मिटताना कसं वाजतं?"

"द्रावण धुतलं की उतरतो सूर."

"मग धू ना. मला ऐकायचंय."

तिनं धुतलं. सूर ढिम्म हलला नाही. पुन्हा धुतलं. तसाच. दार मिटतं का, हे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं! घाईघाईनं तिनं निरोगी दार यंत्राला जोडलं, उघडलं, धुतलं. सूर लगेच खाली आला.

"सापडलं, ताई! मंद उजेड पडला तरी तुझं दार उघडंच राहतं. डोळ्याला वाटतं, अजून अंधारच आहे." तिनं ताईला घट्ट मिठी मारली, आणि मग तिचा चेहरा उतरला. "पण त्या उपचारात शेजारी नवं दार बसवतात गं. जुनं उघडंच राहणार. तुला त्याचा उपयोग नाही व्हायचा."

ताईलाही वाईट वाटलंच होतं. मग तिनं खुर्ची यंत्राजवळ ओढली.

"माझं दार परत यंत्राला जोड. आणि तुझ्याकडे औषधांच्या बाटल्या किती आहेत? कशानं तरी मिटेलच की ते."