आधी फोटो, मग हात

अजिंक्यच्या ग्रुपचा एकच कायदा होता. घाटात कुणी पडला की आधी फोटो, मग हात. फोटो निघेपर्यंत पडलेल्याची गाडी कुणी उचलायची नाही. पिंपळे गुरवची ही मंडळी. वडिलांनी जमिनी विकल्या, पोरांनी डोंगरात चालणाऱ्या उंच मोटारसायकली घेतल्या, आणि अंगाला माती लागली की त्यालाच मर्दुमकी म्हणू लागली.

ज्योतीराम त्यांच्यातला नव्हता. लातूरकडचा, चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर, अख्खी शिफ्ट उभ्याने लाइनवर. ओव्हरटाइम करकरून त्याने तसलीच एक वापरलेली गाडी घेतली होती. उन्हाळ्यात ग्रुप हिमाचलातल्या खिंडी ओलांडायला जाणार होता आणि याला काहीही करून त्यांच्याबरोबर जायचं होतं. त्याआधी कंपनीत परमनंट होण्यासाठीची मेडिकल होती. तेवढी होऊ द्या, मग कुठं उंडारायचं ते उंडारा, असं बायको विजयश्री म्हणत होती. पण अजिंक्यने राजगुरुनगरच्या पुढच्या कच्च्या घाटात त्याची चाचणी ठेवली आणि हा शहाणा गेला.

घाट तो चांगला चढला. खरं तर अजिंक्यपेक्षा चांगला, पण तसं कुणी म्हणालं नाही. वरच्या वळणावर सुटे दगड होते. पुढचं चाक घसरलं, गाडी आडवी झाली आणि त्याचा डावा पाय गाडी आणि कातळाच्या मध्ये सापडला.

सगळे थांबले, सगळ्यांनी मोबाइल काढले. अजिंक्य म्हणाला, थांबा, चांगला कॅमेरा रविराजकडे आहे, त्याला येऊ द्या. रविराज खालच्या वळणावर पाणी पीत बसला होता.

पाय मोडला हे ज्योतीरामला तेव्हाच कळलं होतं. तो ओरडला असता तर कायदा बाजूला ठेवून त्यांनी गाडी उचलली असती, एवढी माणुसकी त्यांच्यात असावी. पण ओरडणाऱ्याला हे लोक हिमाचलला नेत नाहीत, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून त्याने अंगठा वर केला आणि दात काढले. रविराज सावकाश आला, बाजू बदलून बदलून त्याने फोटो घेतले. मग गाडी उचलली तेव्हा बूट भलतीकडेच वळलेला दिसला, आणि अजिंक्यला तिथेच उलटी झाली.

घोट्यात सळई बसली. कुबडी घेऊन तो मेडिकलला गेला तर त्याला दारातूनच परत पाठवलं, आणि पुढे कंत्राटही वाढवलं नाही. फोटो मात्र गाजला.

उन्हाळ्यात अजिंक्य आणि रविराज सफरचंदं घेऊन त्याच्या खोलीवर आले. तब्येतीची चौकशी झाली, चहा झाला. मग अजिंक्यने विषय काढला. रविराजच्या गाडीचं इंजिन ऐन वेळी बसलंय, तुझी तर नुसती उभीच आहे, घेऊन जाऊ का? ज्योतीरामने उशाखालची किल्ली काढून दिली. क्लच जरा कडक आहे, हेही सांगितलं.

दारात अजिंक्य वळला. "भावा, तुला ग्रुपमधून काढतोय. आमचे तिकडचे फोटो बघून उगाच तुझ्या जिवाला लागायचं."

"बरं झालं, भाऊ," ज्योतीराम म्हणाला. "तुम्हीच एवढा विचार करता."

विजयश्रीने दार लावलं. "पाय गेला, नोकरी गेली, आता गाडीबी देऊन टाकली. तुमाला काहीच कसं वाटंना?"

"हळू बोल," तो म्हणाला. "ते अजून जिन्यातच असतील."