भिंतीकडे तोंड

कुलूपवाल्याने कानस खाली ठेवली, हात फडक्याला पुसले आणि लेकीचा फोन उलटासुलटा करून पाहिला.

"परत शिरला," ठकी म्हणाली. "काल दुपारी. अनोळखी यंत्रावरून. आणि गाव बघा, भलतंच कुठलं तरी."

"पण पासवर्ड परवाच बदलला ना आपण?"

"दर वेळी बदलतोय, बाबा. ही चौथी खेप."

त्याचं डोकं चालेना. तीस वर्षं कुलपं बसवण्यात गेलेली. चोर कुठून येईल हे तो नुसतं दार पाहून सांगायचा. इथे दारच नव्हतं. शेजारचा मोबाइलवाला म्हणाला होता, "गावाच्या नावावर जाऊ नका, ते चुकतं. पासवर्ड तेवढा कुणाला सांगू नका." आता सांगणार कुणाला? बापलेकींखेरीज तो कुणालाच ठाऊक नव्हता. विसरायला नको म्हणून त्याने वहीत टिपून ठेवला होता, पण वही कुलपात होती.

"आज परत आला, तर खातंच बंद करून टाकू," तो म्हणाला. "कटकट नको."

ठकीचा चेहरा उतरला. तिची जिवाभावाची मैत्रीण गाव सोडून गेली होती आणि दोघींच्या गप्पा त्या खात्यावरच चालायच्या. तिने मुकाट्याने पासवर्ड पुन्हा बदलला आणि बापाच्या कानात सांगितला.

"तुमच्याकडे असू दे. मला भीती वाटते. तो माझं सगळं वाचत असेल."

त्याला त्या चोराची अशी चीड आली, की समोर सापडता तर कानशिलातच लगावली असती.

तेवढ्यात एक बाई आकड्यांचं कुलूप घ्यायला आल्या. आकडा कसा लावायचा ते दाखवून तो सवयीने भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"लावा तुमचा आकडा. झालं की सांगा."

"तुम्ही पाहिलात तर काय बिघडलं हो?"

"माझा धंदा बिघडेल, बाई."

बाई हसत गेल्या. चहाची वेळ झाली होती. तो मागच्या खोलीत आला, वही काढली, जुना पासवर्ड खोडून नवा टिपला आणि रोजच्यासारखं कॉम्प्युटरवर ठकीचं खातं उघडलं. पहारा नको का? आत कुणी घुसलंय का, एवढंच बघायचं. बघता बघता मैत्रिणीचं काय आलंय तेही नजरेखालून जायचं. परवाचं दोघींचं भांडण तर त्याने दोनदा वाचलं होतं.

बाहेर काउंटरवर ठकीचा फोन वाजला.

"बाबा, आला! आत्ता आत आलाय तो!"

तो दचकून पडद्यावर शोधू लागला. कुठे आलाय? पान वर सरकवलं, खाली सरकवलं. सगळं जिथल्या तिथे होतं. आत दुसरं कुणीच नव्हतं.

त्याने कीबोर्डवरचे हात हळूच उचलले.

"बाबा, विचारतंय, 'हे तुम्हीच आहात का?' होय की नाही? काय दाबू?"

कॉम्प्युटरचं बटण हाताशीच होतं. बंद केला असता, तर तिला कधी कळलंही नसतं.

"इकडे ये," तो म्हणाला.

ती आली. पडद्यावर तिचंच पान होतं. शेजारी उघडी वही, तिच्यात बापाच्या अक्षरात चार पासवर्ड खोडलेले आणि पाचवा न खोडलेला.

"मला वाटलं, मी राखण करतोय," तो म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवेना. "आता 'नाही' दाब."

तिने दाबलं. पडद्यावरचं पान मिटलं आणि पासवर्डची रिकामी चौकट आली. नवा पासवर्ड टाकायला तिने फोन छातीशी धरला आणि तशीच थांबून राहिली.

तो खुर्चीसकट भिंतीकडे वळला.

"झालं की सांग."

कुठल्याच गिऱ्हाइकाला इतका वेळ लागला नव्हता. भिंतीवर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या तो एका टोकापासून मोजत राहिला.

"झालं," ठकी म्हणाली. आवाज बाहेरून, काउंटरवरून आला.